पत्त्यावरील प्रतिमेचा अर्थ : सावंतवाडीची दशावतारी गंजिफा आणि प्रतीकवाचनाची पद्धत

प्रस्तावना

खेळण्याचा पत्ता ही इतिहासाच्या अभ्यासकाने सहसा दुर्लक्षिलेली वस्तू आहे. नाणी, ताम्रपट, शिलालेख, बखरी यांना साधन म्हणून जो मान मिळाला तो पत्त्यांना मिळाला नाही. करमणुकीची वस्तू म्हणून त्यांची बोळवण झाली, किंवा त्यांच्यावरील चित्रे सुंदर आहेत एवढीच नोंद घेतली गेली. याच्या नेमक्या उलट टोकाला एक दुसरी प्रवृत्ती आढळते. यूरोपातील टॅरो पत्त्यांच्या प्रभावामुळे पत्त्यावरील प्रत्येक आकृतीत, रंगात आणि अंकात काहीतरी प्राचीन गुह्यज्ञान दडलेले आहे असे गृहीत धरून त्यांचे अर्थ लावले जातात. पहिली प्रवृत्ती पत्त्याला अर्थच नाही असे मानते. दुसरी त्याला हवा तो अर्थ देते. दोन्हींत वस्तूच्या प्रत्यक्ष वापराचा विचार सुटतो.

प्रस्तुत लेखात सावंतवाडी येथील दशावतारी गंजिफेच्या आधारे पत्त्यावरील प्रतिमेचे वाचन कसे करावे, या प्रश्नाचा विचार केला आहे. पनवेलपासून निघून कोकणची संपूर्ण लांबी कापणारा राष्ट्रीय महामार्ग क्र. ६६ ज्या तालुक्यातून गोव्यात प्रवेश करतो, त्या सावंतवाडीत ही कला आजही टिकून आहे. महाराष्ट्रात पत्त्यावरील प्रतिमांचा अभ्यास करावयाचा झाल्यास याहून समृद्ध सामग्री मिळणे कठीण आहे. तुलनेसाठी प्रथम टॅरोचा इतिहास थोडक्यात पाहणे उपयुक्त ठरेल.

टॅरोचा धडा : आधी खेळ, नंतर गूढार्थ

टॅरो पत्त्यांचा उगम प्राचीन इजिप्तमध्ये झाला अशी समजूत आजही प्रचलित आहे. कागदपत्रांचा पुरावा मात्र वेगळे सांगतो. या पत्त्यांचे सर्वांत जुने उल्लेख उत्तर व मध्य इटलीतील असून ते इ. स. १४४० नंतरच्या दशकातील आहेत. मिलानच्या व्हिस्कोन्ती व स्फोर्झा या सत्ताधारी घराण्यांसाठी रंगविलेले संच त्याच शतकातील होत. ७८ पत्त्यांच्या संचात ५६ पत्ते चार रंगांचे व २२ पत्ते स्वतंत्र चित्रांचे असत. हे २२ पत्ते हुकमाचे काम करीत. म्हणजे टॅरो हा हात जिंकण्याचा खेळ होता. त्याचा गूढविद्येशी संबंध जोडला गेला तो तब्बल साडेतीनशे वर्षांनंतर, १७८१ मध्ये. आंत्वान कूर द जेबेलँ या फ्रेंच लेखकाने त्या वर्षी हे पत्ते म्हणजे इजिप्तच्या पुरोहितांचा लुप्त ग्रंथ होय असे प्रतिपादन केले. तेव्हा इजिप्तची चित्रलिपी अद्याप कोणालाही वाचता येत नव्हती, ही बाब लक्षणीय आहे. ब्रिटिश तत्त्वज्ञ मायकेल डमेट यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या विस्तृत ग्रंथात टॅरोचा हा खेळ म्हणून असलेला इतिहास साधार मांडला.

टॅरोमधील एकच पत्ता उदाहरणादाखल घेता येईल. एका पायाने उलटा टांगलेला माणूस हे त्याचे चित्र. पंधराव्या-सोळाव्या शतकातील इटालियन माणसाला या चित्रात रहस्य वाटण्याचे कारण नव्हते. तेथील नगरराज्यांत फितुरांची व दिवाळखोरांची उलटी टांगलेली चित्रे सार्वजनिक भिंतींवर काढून त्यांची नाचक्की करण्याची प्रथा होती, आणि जुन्या यादींत या पत्त्याला ‘फितूर’ असेही नाव आढळते. १९०९ मध्ये आर्थर एडवर्ड वेट यांच्या मार्गदर्शनाखाली पामेला कोलमन स्मिथ यांनी जो संच रंगविला, त्यात याच माणसाच्या डोक्याभोवती प्रभावळ आली, खांबाला पालवी फुटली आणि चेहऱ्यावर शांत भाव आला. फितूर संत झाला. आकृती तीच राहिली. तिच्या भोवतीचा समाज, तिचा वापर आणि म्हणून तिचा अर्थ बदलला. प्रतीकाचा अर्थ आकृतीच्या पोटात कायमचा साठविलेला नसतो, हा टॅरोच्या इतिहासाचा पहिला धडा होय.

गंजिफेची रचना

‘गंजिफा’ हा शब्द फारसीतून आला. इस्तंबूलच्या टोपकापी राजवाड्यात सापडलेल्या मामलुक काळातील इजिप्शियन पत्त्यांपैकी एकावर याच शब्दाचे अरबी रूप आढळते. त्यावरून त्याचा प्रवास किती दूरचा होता हे लक्षात येते. भारतातील सर्वांत परिचित प्रारंभिक उल्लेख बाबराच्या आत्मचरित्रात आहे. सिंधच्या शाह हसनला गंजिफांची आवड असल्याने आपण त्याच्याकडे पत्ते पाठविल्याचे बाबराने १५२७ च्या सुमारास नोंदविले आहे. अकबराच्या काळी अबुल फज़लने ‘ऐन-ए-अकबरी’त बारा रंगांच्या १४४ पत्त्यांच्या जुन्या संचाचे वर्णन केले असून, त्यातील रंगांची नावे अश्वपती, गजपती, नरपती, धनपती अशी संस्कृत वळणाची आहेत. पुढे अधिक रूढ झालेल्या मोगल गंजिफेत आठ रंग व ९६ पत्ते असतात.

दशावतारी गंजिफेत विष्णूच्या दहा अवतारांचे दहा रंग असतात. प्रत्येक रंगात राजा, वजीर आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा अंकांचे पत्ते, असे १२ पत्ते, एकूण १२०. पत्ते गोल असतात. प्रत्येक रंगाची पार्श्वभूमी वेगळ्या रंगाची असल्याने हातात पसरलेल्या अनेक पत्त्यांतून हवा तो पत्ता चटकन ओळखता येतो. या खेळात हुकूम नसतो; ज्या रंगाची उतारी झाली त्याच रंगाचा वरचढ पत्ता हात जिंकतो. निम्म्या रंगांत राजा-वजिरानंतर मोठा अंक श्रेष्ठ, तर उरलेल्या निम्म्या रंगांत लहान अंक श्रेष्ठ मानला जातो. अंकांचा असा उलटा क्रम मोगल गंजिफेत आहे, आणि यूरोपातील जुन्या टॅरो खेळांतही प्याले व नाणी या दोन रंगांत तो आढळतो. चित्रांत कोणतेही साम्य नसलेल्या या दोन परंपरांचे दूरचे नाते चित्रांतून नव्हे, तर नियमांतून उघड होते. पत्त्याच्या अभ्यासकाने नियमांकडे का पाहावे, याचे हे ठळक उदाहरण म्हणता येईल.

आणखी एक भेद सूचक आहे. टॅरोद्वारे भविष्य सांगणारे पत्ता सरळ आला की उलटा, यावरून वेगळा अर्थ लावतात. गोल पत्ता हातात कसाही फिरतो. त्यामुळे गंजिफेत सरळ-उलट हा प्रश्नच संभवत नाही. गंजिफेतील ‘उलटेपणा’ चित्राचा नसून क्रमाचा आहे.

राजाच्या जागी अवतार

मोगल गंजिफेतील राजा सिंहासनावर बसलेला असतो आणि वजीर बहुधा घोड्यावर स्वार असतो. ताज, शमशेर, गुलाम, बरात ही रंगांची नावे दरबार, फौज, खजिना आणि दफ्तर यांची आठवण करून देतात. संपूर्ण संच म्हणजे राज्यव्यवस्थेचे लहानसे चित्र होय. दशावतारी संचात ही चौकट जशीच्या तशी राहिली. मात्र सिंहासनाच्या जागी अवतार येऊन बसला. मत्स्य हा देव येथे एका रंगाचा राजा आहे, आणि त्यालाही वजीर आहे! पुराणात मत्स्यावताराला वजीर नाही. पौराणिक आशय आणि दरबारी रचना यांचा हा सांधा पत्त्यावर स्पष्ट दिसतो, आणि म्हणूनच तो इतिहासाचा पुरावा ठरतो.

हा बदल केवळ वरवरचा नव्हता, याचे प्रमाण उतारीच्या नियमात मिळते. मोगल गंजिफेत दिवसा खेळ असेल तर ‘सुर्ख’ म्हणजे सुवर्णनाण्याच्या रंगाचा राजा ज्याच्या हाती असेल त्याने प्रारंभ करावयाचा, आणि रात्री ‘सफेद’ म्हणजे रौप्यनाण्याच्या रंगाच्या राजाने. सोने सूर्याचे आणि रुपे चंद्राचे, हा संकेत त्यामागे आहे. दशावतारी खेळात दिवसा रामाने आणि रात्री कृष्णाने प्रारंभ होतो. राम सूर्यवंशी, भर दुपारी जन्मलेला. कृष्ण चंद्रवंशी, मध्यरात्री जन्मलेला. नाण्यांच्या जागी देव बसविताना सूर्य-चंद्राची जोडी मोडणार नाही याची काळजी घेतली गेली. ज्याने हा बदल केला त्याला दोन्ही परंपरांचे मर्म ठाऊक होते, असे अनुमान करण्यास जागा आहे. एकट्या रामाच्या चित्राकडे कितीही वेळ पाहिले तरी हा अर्थ उलगडत नाही. तो रामाच्या पत्त्याला खेळात काय करावे लागते, यातून उलगडतो.

चिन्हांचे व्याकरण

अंकांच्या पत्त्यांवर अवताराचे संपूर्ण चित्र नसते. त्याचे चिन्ह अंकाइतक्या वेळा काढलेले असते. मत्स्याचा मासा आणि कूर्माचे कासव ही चिन्हे म्हणजे अवताराचेच रूप. परशुरामाचा परशू, कल्कीची तलवार, रामाचा बाण ही आयुधे होत. वामनाचा कमंडलू किंवा छत्र हे त्याच्या बटुवेषाचे लक्षण. कृष्णाची गाय ही त्याच्या परिवारातील. नरसिंहाचे चक्र आणि वराहाचा शंख ही चिन्हे मात्र त्या अवतारांची खास नाहीत. ती विष्णूची सामान्य आयुधे आहेत. रामासाठी काही संचांत बाणाऐवजी वानर येतो. कल्कीसाठी घोडा येतो.

या यादीवरून दोन गोष्टी दिसून येतात. एक, चिन्हांची निवड एकाच तत्त्वाने झालेली नाही. रूप, आयुध, वेष, परिवार यांपैकी जे सोयीचे ते घेतले आहे. दुसरी, सोयीचे म्हणजे दहा वेळा लहानशा वर्तुळात काढता येईल आणि शेजारच्या रंगाशी गल्लत होणार नाही असे. नरसिंहाचा अक्राळविक्राळ मुखवटा दहा वेळा काढण्यापेक्षा चक्र काढणे कारागिराला सोपे आणि खेळणाऱ्याला ओळखण्यास सोपे. येथे चक्राचा कालचक्राशी किंवा योगमार्गातील चक्रांशी संबंध जोडणे आकर्षक वाटले, तरी त्यास आधार नाही. चिन्हाचे पहिले काम भेद दाखविण्याचे आहे. भक्तीचा किंवा तत्त्वज्ञानाचा अर्थ त्यावर नंतर चढू शकतो, चढतोही, पण तो दुसऱ्या पायरीवरचा आहे.

नववा पत्ता : बुद्ध, जगन्नाथ, विठ्ठल

दशावतारी संचातील सर्वाधिक वादग्रस्त पत्ता बौद्ध अवताराचा आहे. दहा अवतारांची यादी सर्वत्र एकसारखी नाही. बाराव्या शतकातील जयदेवाच्या ‘गीतगोविंदा’त आठव्या स्थानी हलधर बलराम आणि नवव्या स्थानी बुद्ध आहे, महाराष्ट्रात आठव्या स्थानी कृष्ण अधिक परिचित. नववे स्थान तर प्रदेशागणिक बदलते. ओडिशात त्या जागी जगन्नाथ दिसतो. महाराष्ट्रात संतवाङ्मयाने विठ्ठलाला बौद्ध अवतार म्हटले, आणि दशावतारांच्या चित्रांत नवव्या जागी कटेवर हात ठेवलेला विठ्ठल येऊ लागला. रा. चिं. ढेरे यांनी ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ (१९८४) या ग्रंथात विठ्ठलाच्या अशा अनेक रूपांचा सविस्तर परामर्श घेतला आहे. नाव बुद्धाचे आणि मूर्ती आपल्या प्रदेशाच्या आराध्याची, अशी ही योजना आहे. प्रत्येक प्रदेशाने नवव्या जागेचा उपयोग आपल्या लोकदैवताला वैष्णव मालिकेत बसविण्यासाठी केला.

याच पत्त्यावरून एक महत्त्वाचा वाद उद्भवला. बंगालमधील विष्णुपूर येथे मल्ल राजांच्या आश्रयाने दशावतारी पत्त्यांची स्वतंत्र परंपरा वाढली. १८९५ मध्ये थोर प्राच्यविद्यापंडित हरप्रसाद शास्त्री यांनी या पत्त्यांविषयी एक टिपण प्रसिद्ध केले. विष्णुपूरच्या संचात बुद्ध नवव्या नव्हे तर पाचव्या स्थानी येतो आणि त्याचे चिन्ह कमळ आहे, याकडे त्यांनी लक्ष वेधले. बुद्धाला मालिकेत इतके वरचे स्थान होते तो काळ फार प्राचीन असला पाहिजे. म्हणून हा खेळ हजार-बाराशे वर्षांपूर्वीचा असावा, असा त्यांचा निष्कर्ष होता.

शास्त्रींचे निरीक्षण मोलाचे होते. निष्कर्ष मात्र टिकणे कठीण आहे. पत्त्यांतील रंगांचा क्रम खेळाच्या सोयीने ठरू शकतो. दहा रंगांचे पाच-पाचचे दोन गट करून त्यांत अंकांचा सुलट व उलट क्रम ठेवावयाचा असेल, तर कोणता अवतार कोणत्या गटात जातो हे धार्मिक कालक्रमावर अवलंबून राहत नाही. शिवाय बुद्धाचे पाचवे स्थान जुन्या ग्रंथातील एखाद्या यादीचे प्रतिबिंब असले, तरी त्यावरून ती यादी जुनी ठरते. तिचा वापर करणारा खेळ नव्हे. जुनी कल्पना नव्या वस्तूवर येऊ शकते. राजा, वजीर आणि दहा अंक ही चौकट, अंकांचा उलटा क्रम आणि दिवस-रात्रीची उतारी, या तिन्ही बाबतींत दशावतारी खेळ मोगल गंजिफेशी जुळतो. अबुल फज़लने पत्त्यांचे तपशीलवार वर्णन करूनही त्यात दशावतारी रंगांचा समावेश नाही. न बोलणे हा निर्णायक पुरावा नव्हे, हे खरे. परंतु रचनेचे साम्य त्याच्या जोडीला ठेवले असता दशावतारी संच हा आधीपासून रूढ असलेल्या खेळाचे वैष्णव रूपांतर होय, असे मानणे अधिक सयुक्तिक ठरते. मुंबईत दीर्घकाळ राहिलेले जर्मन कलासमीक्षक रुडॉल्फ फॉन लायडेन यांनी भारतातील गंजिफांचा जो संग्रह व अभ्यास केला, त्यानंतर या प्रश्नाकडे अशा तौलनिक दृष्टीने पाहणे शक्य झाले.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. ‘मोगल मूळ’ म्हणजे ‘परकीय नक्कल’ असा अर्थ करण्याचे कारण नाही. अकबरपूर्व संचातील अश्वपती-गजपती ही नावेच सांगतात की, फारसी खेळ येथे रुजताना त्याने इथली भाषा आणि राज्यकल्पना घेतली होती. दशावतारी गंजिफा ही त्याच प्रक्रियेची पुढची पायरी. तिची प्रतिष्ठा तिच्या वयावर नव्हे, तिच्या रचनेतील कल्पकतेवर अवलंबून आहे.

खेळ गेला, चित्र उरले

सावंतवाडीच्या भोसले संस्थानात चितारी कारागिरांनी गंजिफेची परंपरा जोपासली. दरबारासाठी हस्तिदंत, कासवाची पाठ अशा मौल्यवान माध्यमांवर ‘दरबारकलम’ आणि सामान्य ग्राहकांसाठी कापड वा कागदावर ‘बाजारकलम’, असे दोन प्रकार भारतात अनेक ठिकाणी प्रचलित होते. कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवून, त्यांवर खडूचा लेप देऊन, घोटून, रंगवून, शेवटी लाखेचा थर देण्याची पद्धत श्रमाची होती. एकोणिसाव्या शतकात यूरोपातून स्वस्त छापील पत्ते येऊ लागले आणि ५२ पत्त्यांच्या सुटसुटीत खेळांपुढे १२० पत्त्यांचा, स्मरणशक्तीची परीक्षा पाहणारा हा खेळ मागे पडला.

१९७० च्या सुमारास ही विद्या जाणणारे पुंडलिक चितारी हे वृद्ध कारागीर जवळजवळ एकटेच उरले होते. शिवरामराजे भोसले व सत्वशीलादेवी भोसले यांनी त्यांच्याकडून ही कला समजून घेतली, सत्वशीलादेवींनी ती स्वतः आत्मसात केली आणि राजवाड्यात नव्या कारागिरांना शिकविण्याची व्यवस्था झाली. आज सावंतवाडीची गंजिफा जिवंत आहे ती मुख्यतः या प्रयत्नांमुळे. २०२४ मध्ये तिला भौगोलिक मानांकनही लाभले.

या यशाची दुसरी बाजू विचारात घेतली पाहिजे. कला पुनरुज्जीवित झाली. खेळ झाला नाही. आजचा संच विकत घेणारा बहुसंख्य ग्राहक तो भेट म्हणून, शोभेसाठी किंवा संग्रहासाठी घेतो. दहा राजे चौकटीत बसवून भिंतीवर लावले जातात. कूर्माच्या सत्तीला किंवा परशुरामाच्या तिर्रीला त्या भिंतीवर स्थान नसते. जे पत्ते खेळात संख्येने सर्वाधिक, तेच चित्र म्हणून सर्वांत कमी महत्त्वाचे ठरतात. पत्ता खेळातून बाहेर पडला की त्याला बांधून ठेवणारे नियम सुटतात आणि तो कोणत्याही अर्थासाठी मोकळा होतो. टॅरोच्या बाबतीत नेमके हेच घडले. इटलीतील खेळाशी परिचय नसलेल्या पॅरिसच्या अभ्यासकांना त्याच पत्त्यांत इजिप्त दिसू लागले. गंजिफेची वाटचाल त्याच दिशेने होणार नाही, याची ग्वाही मानांकनाने मिळत नाही. कारण मानांकन नावाचे आणि घडविण्याच्या पद्धतीचे रक्षण करते, खेळण्याच्या नियमांचे नाही.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पत्त्यावरील प्रतिमेच्या वाचनासाठी तीन प्रश्नांचा क्रम सुचविता येतो. हा पत्ता खेळात काय करतो? त्यावरील चिन्ह संचातील इतर चिन्हांपासून त्याला वेगळे कसे करते? आणि ज्या समाजात तो खेळला गेला, त्या समाजाला त्या आकृतीची ओळख कोठून होती? या तिन्हींची उत्तरे मिळाल्यानंतरच चौथा, म्हणजे खोल प्रतीकार्थाचा प्रश्न विचारावा. इटलीतील टांगलेला माणूस, दिवसा उतरणारा राम आणि पाचव्या स्थानावरील बुद्ध, ही तिन्ही उदाहरणे हा क्रम उलटा केल्यास काय घडते ते दाखवितात.

व्यवहाराच्या दृष्टीने पाहता, गंजिफेचे नियम ठाऊक असलेल्या वृद्ध व्यक्तींच्या मौखिक नोंदी घेणे, संग्रहालयांच्या सूचीत चित्राच्या वर्णनाबरोबर पत्त्याचा रंग, दर्जा व क्रम नोंदविणे आणि इतिहास, कला व गणित या विभागांनी मिळून विद्यार्थ्यांकडून हा खेळ प्रत्यक्ष खेळवून घेणे, ही कामे महाविद्यालयांना सहज शक्य आहेत. त्यांना मोठा निधी लागत नाही; तीन खेळाडू, १२० पत्ते आणि एक दुपार पुरेशी आहे. दुपारी डाव मांडला असेल, तर पहिली उतारी ज्याच्या हाती रामराजा असेल त्याची.